बासवुड, महोगनी की सागवान: बदली पिकअप कोणत्या गिटारला कोणता

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात सर्रास दिसणाऱ्या बऱ्याचशा इलेक्ट्रिक गिटार चीन किंवा इंडोनेशियात बनलेल्या असतात. बॉडी बासवुडची, पॉपलरची, नाहीतर ‘महोगनी’ म्हणून विकलेल्या लाकडाची. गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा, कॅम्पातल्या चर्चमधलं वादन, गोव्यातल्या हॉटेलांचे कार्यक्रम अशा कामांना जुंपल्यावर मूळ पिकअप (तारांखालचा चुंबक आणि कॉइलचा भाग) कमी पडतो आणि नव्याचा शोध सुरू होतो. मग पहिला प्रश्न येतो तो लाकडाचाच: बासवुडला काय शोभेल, महोगनीला काय?

परदेशी कंपनीचा एक चांगला हंबकर (हम म्हणजे विजेची घरघर मारणारा, दोन कॉइलचा पिकअप) सुरुवातीच्या गिटारच्या किमतीचा मोठा हिस्सा खातो. आपल्याकडे तो शोकेसमध्ये वाजवून पाहायला क्वचितच मिळतो, बहुतेक वेळा मागवावाच लागतो. म्हणून आधीच स्पष्ट सांगतो. लेबलवरच्या लाकडाच्या नावावरून पिकअप निवडणं हा सर्वांत कमकुवत मार्ग आहे. त्या विशिष्ट गिटारचा केबल न लावता येणारा आवाज, तिची स्केल (तारेची वाजणारी लांबी), तिच्यातले पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे बदलते रोध) आणि तुमची केबल या चार गोष्टी पाहून निवडलेला पिकअप चुकत नाही. लाकूड त्या पहिल्या गोष्टीत येतं, पण नावाने नव्हे, वागण्याने.

लाकूड नेमकं किती बोलतं

मिरजेच्या तंबोऱ्यात तारेची कंपनं घोडीतून तबलीत उतरतात, तबली आणि भोपळा मिळून हवा हलवतात. तिथे लाकडाची निवड थेट कानाला कळते. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप मात्र हवेतला आवाज ऐकतच नाही. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात हलते आणि त्यामुळे कॉइलमध्ये वीज तयार होते, एवढंच तिथे घडतं. लाकडाचा हात लागतो तो तारेच्या ऊर्जेला. ब्रिज (घोडी) आणि नेक (दांडी) कुठल्या कंपनसंख्येला किती ऊर्जा शोषून घेतात, त्यावर सूर किती टिकणार आणि त्यातले वरचे स्वर किती लवकर विझणार हे ठरतं. यात बॉडीपेक्षा नेकचा वाटा मोठा असतो, कारण नेक लांब, बारीक आणि लवचीक असते.

हे तपासायला काहीच खर्च नाही. नव्या तारा चढवा, सूर लावा, केबल न लावता शांत खोलीत बसा. दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेवर पाचव्यापासून चौदाव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर सारख्याच जोराने वाजवा. एखाद्या फ्रेटवर सूर शेजाऱ्यांपेक्षा निम्म्या वेळात मरत असेल, तर ती नेकची मृत जागा. हेडस्टॉकला (नेकच्या खुंट्यांच्या टोकाला) छोटा क्लॅम्प लावला की ती जागा सरकते. वस्तुमान बदललं की नेकची स्वतःची कंपनसंख्याही बदलते, म्हणून असं होतं. कोणताही पिकअप ही जागा दुरुस्त करत नाही. उलट जास्त आउटपुटचा पिकअप क्लीन (न फाटलेल्या) आवाजात ती अधिक उघडी पाडतो. अशी जागा तुमच्या नेहमीच्या सुरावर असेल तर पैसे आधी नेककडे वळवा.

मग गिटार कशी बोलते ते ऐका. उघड्या तारांचा कॉर्ड वाजवल्यावर वरचा खणखणीतपणा राहतो की लगेच विझतो? जाड तारा घट्ट वाजतात की गुबगुबीत? या दोन उत्तरांवर पुढची निवड उभी आहे.

नावांचा गोंधळही मोठा आहे. आशियात बनलेल्या स्वस्त गिटारवरचं ‘महोगनी’ अनेकदा न्यातो, मेरांटी किंवा ओकूमे असतं. खऱ्या अमेरिकी महोगनीशी त्यांचं जवळचं वनस्पतीशास्त्रीय नातंही नसतं. घनता पाहिली तर वाळलेल्या बासवुडचं वजन घनमीटरला साधारण ४१५ किलो, आल्डर आणि पॉपलर ४५० च्या आसपास, अमेरिकी महोगनी ५९०, सागवान ६५५, हार्ड मेपल ७००, आपल्याकडची शिसवी ८३०. पण एकाच जातीच्या दोन फळ्यांत इतका फरक पडतो की जड बासवुड आणि हलकी महोगनी एकमेकांच्या शेजारी येऊन बसतात. सामान तोलायच्या काट्यावर गिटार लटकवून घेतलेलं वजन लेबलपेक्षा जास्त कामाचं.

स्केलचा परिणाम लाकडाहून हमखास असतो. फेंडर पद्धतीची ६४८ मिलिमीटर आणि गिब्सन पद्धतीची ६२८ मिलिमीटर. त्याच जाडीच्या तारा त्याच सुराला लावल्या तर छोट्या स्केलवर ताण सुमारे ६ टक्क्यांनी कमी येतो. तार सैल, बेस गोल, हल्ला (सुराची पहिली ठोक) मऊ. लोक ज्याला ‘महोगनीचा उबदारपणा’ म्हणतात त्यातला चांगला भाग या २० मिलिमीटरचा असतो.

किलोओहमच्या आकड्याने फसू नका

खोक्यावर ठळक छापलेला आकडा म्हणजे डीसी रोध. तो आउटपुट सांगत नाही, फक्त तारेची लांबी आणि जाडी सांगतो. बारीक तार थोडीच गुंडाळली तरी तो फुगतो. शिवाय तांब्याचा रोध दर अंशाला जवळपास ०.४ टक्क्याने वाढतो. २० अंशांना ८.० किलोओहम दाखवणारा पिकअप एप्रिल-मेच्या ३५ अंशांत ८.४७ दाखवेल. म्हणून मीटरवर दोन-चार दशांश जास्त आले की पिकअप नकली, असा निष्कर्ष काढू नका.

टोन ठरवायला इंडक्टन्स (बदलत्या विजेला कॉइलचा होणारा विरोध) जास्त उपयोगी. हेन्रीत मोजलेलं हे मूल्य केबलच्या कपॅसिटन्सशी (वीज साठवण्याच्या क्षमतेशी) मिळून एक शिखर तयार करतं. त्या शिखराजवळ आवाज उठतो आणि त्यापलीकडे झपाट्याने घसरतो. साध्या गिटार केबलचा कपॅसिटन्स मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड. ६ मीटर केबल आणि आतली वायरिंग धरून ७०० धरा. फेंडर स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) पद्धतीचा एका कॉइलचा पिकअप, म्हणजे सिंगल कॉइल, सुमारे २.४ हेन्रीचा, त्याचं शिखर ३,९०० हर्ट्झजवळ येतं. जुन्या पद्धतीचा ४.४ हेन्रीचा हंबकर २,९०० ला. ८ हेन्रीच्या आसपासचा जोरदार हंबकर २,१०० ला.

आता तीच ६ मीटरची केबल काढून मंडपातली १० मीटरची लावा: ४.४ हेन्रीचं शिखर २,३०० हर्ट्झला खाली येतं. म्हणजे केवळ केबल बदलल्याने मध्यम पिकअप जोरदार पिकअपच्या शेजारी जाऊन बसला. बासवुड आणि आल्डर यांच्यातला फरक इतका मोठा असल्याचं आम्ही मानत नाही. ‘माझी गिटार मंद वाजते’ अशी तक्रार असेल तर पिकअप मागवण्याआधी ३ मीटरची बऱ्यापैकी केबल लावून ऐकाच.

पॉटचंही तसंच. सिंगल कॉइलला २५० किलोओहम, हंबकरला ५०० हा रिवाज. पॉटचा रोध कमी तर शिखर चपटं, आवाज मऊ. पण स्वस्त पॉटमध्ये २० टक्के फरक चालतो, म्हणजे ५०० चा पॉट ४०० ते ६०० मध्ये कुठेही असू शकतो. काढून मोजा. टोनचा कपॅसिटर ०.०२२ की ०.०४७ मायक्रोफॅरड यावर होणारी चर्चा मात्र टोन नॉब खाली फिरवणाऱ्यांपुरतीच कामाची. नॉब १० वर असताना फरक जवळपास नसतो.

कोणता पिकअप कुठे

सिमोर डंकन (अमेरिकी पिकअप कंपनी) जेबी. ब्रिजजवळ बसणारा, अल्निको ५ (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचं) चुंबक, रोध १६ किलोओहमच्या वर. सर्वांत जास्त सुचवला जाणारा आणि सर्वांत जास्त चुकीच्या जागी बसवला जाणारा पिकअप हाच. वरच्या मिडमध्ये (मधल्या कंपनसंख्यांच्या वरच्या भागात) त्याचा एक टोकदार उठाव आहे. केबल न लावता वाजवल्यावर वरचा आवाज लवकर विझणाऱ्या मऊ बासवुडच्या गिटारमध्ये तो उठाव लीडला पुढे आणतो आणि ब्रास सेक्शनच्या गर्दीतही गिटार ऐकू येते. पण खणखणीत, कडक मेपल नेकच्या गिटारमध्ये ५०० च्या पॉटसोबत तोच उठाव कानाला बोचतो. तुमच्याकडे जेबी आहे आणि बोचतोय, तर विकू नका. व्हॉल्यूमचा पॉट २५० चा करा. स्वस्तातला असो की चांगल्या कंपनीचा, ह्या एका बदलाने तो बराच सभ्य होतो. आमच्या मते एचएसएस गिटारमध्ये, जिथे ब्रिजला हंबकर आणि बाकी दोन सिंगल कॉइल असतात, तिथे जेबी २५० वरच शोभतो. क्लीन आवाज त्याची ताकद नाही.

सिमोर डंकन फिफ्टी-नाइन आणि जॅझ. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी बनवलेला हंबकर १९५७ मध्ये गिटारवर आला. फिफ्टी-नाइन त्याच वळणाचा आहे. अल्निको ५, नेकचा साधारण ७.४ आणि ब्रिजचा ८.१ किलोओहम. ६४८ च्या स्केलच्या, हलक्या बॉडीच्या गिटारच्या नेकमध्ये तो फार सुंदर वाजतो: खाली भरलेला, वर उघडा. पण ६२८ स्केलच्या, चिकटवलेल्या नेकच्या जड गिब्सन लेस पॉल पद्धतीच्या गिटारमध्ये नेकला फिफ्टी-नाइन टाकला की पाचवी-सहावी तार घोंगावते. कीबोर्डच्या डाव्या हाताने बेस भरणाऱ्या ऑर्केस्ट्रात तर तो पूर्ण चिखल होतो. तिथे जॅझचा नेक पिकअप घ्या. रोध जवळपास तेवढाच, ७.७ च्या घरात, पण खालचा भाग आवळलेला आणि कॉर्डमधला प्रत्येक सूर वेगळा. महोगनीसाठी एकच नेक पिकअप सुचवायचा तर आम्ही जॅझ सुचवू. हिंदी-मराठी गाण्यांच्या साथीत क्लीन आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकामागून एक) वाजवणाऱ्यांनी तर दुसरं काही शोधूच नये.

फिफ्टी-नाइन दोन प्रकारच्या वायरमध्ये मिळतो. एक जुन्या पद्धतीची जाळीदार दोन-वाहक, दुसरी चार-वाहक. कॉइल स्प्लिट (दोनपैकी एकच कॉइल वाजवणं) हवं असेल तर मागवतानाच चार-वाहक आहे का ते पाहा. नंतर बदलायचं म्हणजे बारीक वायरशी झटापट.

कस्टम कुटुंब. डंकनचे हे तीन हंबकर लाकडाच्या प्रश्नाला सर्वांत सरळ उत्तर देतात, कारण तिघांत गुंडाळी सारखी, सुमारे १४ किलोओहमची, फक्त चुंबक वेगळं. डंकन कस्टममध्ये सिरॅमिक, कस्टम फाइव्हमध्ये अल्निको ५, कस्टम कस्टममध्ये अल्निको २. सिरॅमिकचा बेस घट्ट आणि हल्ला तीक्ष्ण, सैल वाजणाऱ्या मऊ लाकडाला आवळून धरतो. अल्निको ५ वाल्याचा मिड थोडा मागे आहे. ज्या महोगनीत आधीच मिड ठासून भरलेला आहे, तिथे तो मोकळा श्वास देतो. अल्निको २ मऊ, मिडने भरलेला, खणखणीत आणि बारीक वाजणाऱ्या गिटारला मांस देतो. गिटार कोणत्या बाजूला झुकेल याची खात्री नसेल तर या तिघांतला कोणताही एक घ्या आणि वेगळं चुंबक मागवून ठेवा. बदलताना तळाचे चार स्क्रू अर्धे सैल करायचे, चुंबक सरकवून काढायचं, जुन्याची कुठली बाजू उत्तरेकडे होती ते होकायंत्राने तपासून नवं त्याच दिशेने घालायचं. उलटं बसलं तर दुसऱ्या पिकअपबरोबर फेज बिघडतो, म्हणजे दोघांचे आवाज एकमेकांना खोडतात. काही सिरॅमिक चुंबकं जाड असतात, ती ठोकून बसवू नका.

दिमार्झिओ सुपर डिस्टॉर्शन. १९७२ पासूनचा, बदली पिकअपच्या बाजाराची सुरुवात ज्याने केली तो. सिरॅमिक, १३.७ किलोओहम. जाड, सरळ, मिडने भरलेला. हलक्या पॉपलर-बासवुडच्या गिटारमध्ये रॉकच्या रिफसाठी अजूनही त्याला तोड नाही. जड महोगनीत मात्र तो क्लीन आवाजात फार गढूळ वाटतो. ज्यांना एकाच कार्यक्रमात भावगीत आणि रॉक दोन्ही वाजवायचं आहे त्यांना तो आम्ही सुचवणार नाही.

एसएसएल-१ आणि एसएसएल-२. स्ट्रॅटसाठी डंकनचे सिंगल कॉइल, अल्निको ५, साडेसहा किलोओहमच्या आसपास. फरक खांबांच्या (प्रत्येक तारेखालच्या चुंबकांच्या) उंचीचा. एसएसएल-१ चे खांब १९५० च्या दशकाप्रमाणे कमी-जास्त उंचीचे आहेत. त्या काळी तिसरी तार गुंडाळलेली असायची, तिचा आवाज कमी म्हणून तिचा खांब उंच. आज तिसरी तार साधी असते आणि फिंगरबोर्डही बरेच सपाट आलेत. त्यामुळे ९.५ ते १२ इंच त्रिज्येच्या फिंगरबोर्डवर एसएसएल-१ लावला की तिसरी तार बाकीच्यांवर ओरडते. सपाट खांबांचा एसएसएल-२ घ्या. बॉडी आल्डरची की बासवुडची यापेक्षा ही त्रिज्या इथे दहापट महत्त्वाची. मधला पिकअप उलट गुंडाळीचा आणि उलट ध्रुवाचाच मागवा, म्हणजे स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर हम जातो.

हॉट रेल्स. डंकनचाच, सिंगल कॉइलच्या मापातला दोन पात्यांचा हंबकर, सिरॅमिक, ब्रिजचा १६ ते १७ किलोओहम. बॉडी कोरायची नाही आणि ब्रिजला दम हवा, तर उत्तम. २५० च्या पॉटवर नीट चालतो. क्लीनमध्ये दबलेला वाटतो. चार वायर आहेत, त्यातून दोन्ही कॉइल समांतर जोडण्याचा छोटा स्विच बसवला तर ती उणीव बरीच भरून निघते.

ईएमजी ८१. ॲक्टिव्ह, ९ व्होल्टच्या बॅटरीवर. आत प्रीॲम्प असल्याने केबलच्या लांबीचा परिणाम होत नाही आणि तारांवर चुंबकाची ओढही कमी. लाकडाचे फरक याच्यात सर्वांत कमी ऐकू येतात. गिटार मनासारखी नाही पण मेटल वाजवायचंय, अशांसाठी म्हणून तो फायद्याचा. पॉट २५ किलोओहमचे लागतात, जॅक स्टिरिओ लागतो, बॅटरीला जागा लागते. मागच्या पोकळीत ती मावते का ते ऑर्डरआधी मोजा. केबल लावलेली असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते, कार्यक्रम संपला की जॅक काढायचा. ॲक्टिव्ह आणि साधे पिकअप एकाच पॉटवर चालवण्याच्या भानगडीत पडू नका. दोघांना लागणारे पॉट वेगळे, एकाचा तरी आवाज पडतोच.

सागवान, शिवण, फणस

खानापूर-लोंढ्याच्या जंगलपट्ट्याजवळ राहिल्यावर गावच्या सुताराकडून बॉडी करून घ्यायचा मोह होणं साहजिक आहे, आणि ते वाईटही नाही. सागवानाची बॉडी जड आणि टिकाऊ होते, वाजते खणखणीत आणि लांब. तिला अल्निको २ किंवा मध्यम अल्निको ५, म्हणजे कस्टम कस्टम किंवा फिफ्टी-नाइन शोभतो. जेबी नको. सागवानात तेल असतं, डिंक धरत नाही. चिकटवण्याच्या जागा लगेच आधी ॲसिटोनने पुसून मगच जोडा, नाहीतर नेकचा सांधा सुटू शकतो. शिवण हलकी आणि पावसातही फारशी वाकत नाही. आल्डरच्या जवळचा पर्याय म्हणून तिचा विचार व्हायला हवा, आणि आल्डरला जे पिकअप चालतात तेच तिला चालतात. फणसाची वीणा कर्नाटकात पिढ्यानपिढ्या होते, पण सॉलिड बॉडीत फणस मध्यम वजनाचा, साधा वागतो, त्याच्याकडून वीणेच्या नादाची अपेक्षा नको. शिसवीची पूर्ण बॉडी खांदा मोडते, तिला फिंगरबोर्डपुरती ठेवा. लाकूड कोणतंही असो, ओलं नको. पावसाळ्यात कापलेल्या फळीची बॉडी उन्हाळ्यात तडकते आणि पिकअपची खाच वाकडी होते.

मापं, स्क्रू आणि सोल्डर

पिकअप मागवण्याआधी पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर पिकअपच्या जागेवर मोजा. गिब्सन पद्धतीच्या ब्रिजवर ते ५० मिलिमीटरच्या जवळ, फेंडर पद्धतीच्या ट्रेमोलोवर (हलत्या ब्रिजवर) ५३ च्या जवळ. डंकन रुंद प्रकाराला ट्रेमबकर म्हणतो, दिमार्झिओ एफ-स्पेस. दीड मिलिमीटरने आवाज मरत नाही, पण कडेच्या तारा खांबांवरून उतरलेल्या दिसतात आणि बेंड करताना पहिली तार किंचित दबते. सिंगल कॉइलचं जुनं कव्हर नव्या पिकअपवर बसेलच असं नाही. आशियाई गिटारमध्ये पहिल्या ते सहाव्या खांबाचं अंतर ५० किंवा ५२ मिलिमीटर असतं, तेही मोजा.

जुना पिकअप मोजायला त्याला उपटायची गरज नाही. जॅकमध्ये केबल, व्हॉल्यूम १० वर, मीटर २० किलोओहमवर, दुसऱ्या टोकाच्या टिप आणि स्लीव्हवर काड्या. पॉट समांतर असल्याने आकडा थोडा कमी येतो. ५०० च्या पॉटसोबत ८ किलोओहमचा पिकअप ७.८७ दाखवतो.

नव्या पिकअपसोबत आलेलेच स्क्रू वापरा. अमेरिकी पिकअपचे आटे इंचातले असतात. जुने मेट्रिक स्क्रू दोन फेरे जातात, तिसऱ्याला पायातला आटा कापतात. अमेरिकी पॉटची मान ९.५ मिलिमीटरची, तर स्वस्त गिटारमधलं भोक ८ च्या आसपासचं. ड्रिल मारू नका, पॉलिश तडकतं. निमुळता रीमर हाताने फिरवून भोक वाढवा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही टूल्सच्या दुकानात तो मिळायला हरकत नाही. नॉबचे दातेही जुळत नाहीत: आशियाई पॉटला १८, अमेरिकी पॉटला २४. दाबून बसवला तर नॉब फुटतो, म्हणून नॉबही मागवा. लेस पॉल पद्धतीच्या जाड टॉपला लांब मानेचे पॉट लागतात.

वायरचे रंग कंपनीनुसार बदलतात आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. डंकनमध्ये काळी हॉट, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून टेप, हिरवी आणि उघडी तार अर्थला. दिमार्झिओमध्ये लाल हॉट, काळी आणि पांढरी एकत्र, हिरवी आणि उघडी अर्थला. डंकनचा आराखडा समोर ठेवून दिमार्झिओ जोडला तर पिकअप बारीक तरी वाजतो किंवा गप्प तरी बसतो. दोन कंपन्यांचे पिकअप एका गिटारमध्ये असतील तर मधल्या जागेवर ऐका. बेस गायब, आवाज नाकातून, म्हणजे फेज उलटा. एका पिकअपची हॉट आणि हिरवी अदलाबदल करा, उघडी तार मात्र अर्थलाच राहू द्या.

सोल्डर ६०/४०, सोल्डरिंग आयर्न किमान ४० वॉटचं. २५ वॉटने पॉटची पाठ तापत नाही. माणूस आयर्न अर्धा मिनिट धरून ठेवतो आणि आतला कार्बन ट्रॅक भाजतो. पाठ बारीक पॉलिश पेपरने घासा, आधी तिथे सोल्डरचा ठिपका घ्या, मग वायर ठेवून तीन-चार सेकंदांत काम उरका. सांधा चकचकीत आणि पसरलेला हवा. मळकट गोळी म्हणजे कच्चा सांधा, तो नेमका कार्यक्रमात सुटतो. बंद करण्याआधी केबल लावून प्रत्येक पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने हलकं टकटक करा, प्रत्येक स्विचच्या जागेवर बरोबर तोच पिकअप बोलतो का ते पाहा.

जोरात गेन लावल्यावर पिकअप शिट्टी मारत असेल तर तो नीट मेण न भरलेला आहे. पॅराफिन चार भाग, मधमाशीचं मेण एक भाग, पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात ६० ते ६५ अंशांवर, बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण १५ मिनिटं. ७० च्या वर गेलं की प्लास्टिकची बॉबिन वाकते. थेट आचेवर मेण पेट घेतं, ते कधीही करू नका.

मंडपात

आपल्याकडच्या मंडपात एलईडी भिंती, डिमर, जनरेटर आणि जोडलेल्या वायरींची गर्दी असते. साधा सिंगल कॉइल त्यात ५० आणि १०० हर्ट्झचा हम पुरेपूर उचलतो. महिन्यात चार मंडप करणाऱ्याने स्ट्रॅटमध्येही हॉट रेल्ससारखा हम मारणारा पिकअप निदान ब्रिजला ठेवावा. पोकळीत तांब्याची टेप लावून अर्थला जोडली तर बझ कमी होतो. पण हम हा चुंबकीय असतो, तो टेपने जात नाही.

एक गोष्ट टोनपेक्षा मोठी आहे. साध्या पिकअपच्या गिटारमध्ये तारा ब्रिजमार्फत अर्थला जोडलेल्या असतात, आणि बरोबरच. पण बोर्डाच्या तिसऱ्या पिनमध्ये अर्थ नसेल आणि ॲम्पमध्ये गळती असेल तर त्याच तारांतून हाताला आणि माइकमधून ओठांना झटका बसतो. ब्रिजची तार कापून टाकणं हा उपाय नाही. माइकला तोंड लावण्याआधी टेस्टरने माइकची जाळी आणि गिटारच्या तारा तपासा, दिवा लागला तर जनरेटरवाल्याला अर्थचा रॉड ठोकायला लावा. ईएमजीमध्ये कंपनीच सांगते की ब्रिजची अर्थ तार जोडू नये, म्हणून ती काढलेली असते. पण अर्थ नसलेल्या ॲम्पवर जॅकची धातूची बाजू हाताला लागली तर धोका तोच.

उंची, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा

पिकअप कितीही योग्य असला तरी चुकीच्या उंचीवर तो चुकीचाच वाजतो. शेवटचा फ्रेट दाबून तारेच्या खालच्या बाजूपासून खांबापर्यंत पोलादी पट्टीने मोजा. हंबकरला जाड तारेकडे २.५ आणि बारीक तारेकडे २ मिलिमीटरपासून सुरुवात करा. जुन्या पद्धतीच्या सिंगल कॉइलला २.४ आणि २. सिंगल कॉइलचे खांब स्वतः चुंबक असतात. ते जवळ आणले की तारेला ओढतात, सहाव्या तारेवर बाराव्या फ्रेटच्या वर सूर डगमगतो आणि इंटोनेशन (ब्रिजवर तारेची लांबी जुळवून सूर बसवणं) कितीही केलं तरी जुळत नाही. तसं झालं तर पाव मिलिमीटरने खाली जा, पुन्हा ऐका. नेक पिकअप ब्रिजपेक्षा खालीच राहतो, कारण तिथे तारेची हालचाल मोठी असते.

खानापूरच्या घाटाकडे जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की नेकची कमान बदलते, तारा वर-खाली होतात आणि उन्हाळ्यात जुळवलेली उंची बिघडते. आधी ट्रस रॉडने (नेकमधल्या धातूच्या दांड्याने) कमान जुळवा: पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबल्यावर सातव्या-आठव्या फ्रेटपाशी साधारण पाव मिलिमीटर फट हवी. रॉड एका वेळी पाव फेराच फिरवा, मग दुसऱ्या दिवशी पाहा. कमान बसली की ब्रिजची उंची, त्यानंतर इंटोनेशन, आणि सर्वांत शेवटी पिकअपचे स्क्रू.